किल्ले स्वर्णमहालावर कूलर चढविल्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाखमास. सूर्यनारायणांनी यवतमाळप्रांती कायमचे ठाणे दिले, रस्त्याचे डांबर चपलेस धरून बसले आणि कावळ्याची उघडली चोच मिटेना; ऐसे समयी किल्ले स्वर्णमहाल अपार्टमेंट येथे जी थोर मोहीम जाहली, तिची हकीकत पुढील पिढ्यांस, विशेषेकरून फ्लॅट बुक करू पाहणाऱ्यांस, उपयोगी पडावी म्हणोन लिहिली असे. यात न्यून असेल ते बिल्डरसाहेबांचे, अधिक असेल ते भिंतीतून ऐकिलेले.

प्रथम किल्ल्याचे वर्तमान. बिल्डरसाहेबांनी जाहिरातीत लिफ्ट, बगीचा आणि मुबलक पाणी ऐसी त्रिविध दौलत रयतेस बहाल केली. पैकी लिफ्टचे भुयार तयार आहे, त्यात सायकली बांधतात. बगीचा म्हणजे एक तुळस, तीही तळमजल्यावरील भाडेकरूची. पाण्याविषयी न लिहिलेले बरे. भिंती एका विटेच्या, त्यातलीही अर्धी वीट साहेबांनी स्वतःच्या बंगल्यास नेली ऐसा लोकांचा वहीम. परंतु गुणही नोंदले पाहिजेत: हप्ता पगारात बसतो, दवाखाना हाकेवर, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांवर आपली डाळ उतरविता येते, हे सुख बंगलेवाल्यांच्या नशिबी नाही.

या किल्ल्याचे तिसरे मजल्यावर राजमान्य विमलताई आणि त्यांचे यजमान, निवृत्त ग्रामसेवक रामराव, राज्य करीत असत. कन्या अर्पिता गरोदर, आठवा लागलेला, पहिले बाळंतपण, आणि रीतीप्रमाणे माहेरी यावयाची. तोच पुसदेहून विहीणबाईंचा खलिता मोबाईलवर आला की, ऐशा उन्हात आमची सून खुराड्यात ठेविली जाणार नाही, रविवारी स्वतः घेऊन येतो, घर थंड असेल तर ठेवितो, नसेल तर त्याच पावली माघारी नेतो. मग अर्पिताने फोन हाती घेऊन हळूच सांगितले, "आई, मले तुझ्यापाशीच राहाचं हाय." हे ऐकून विमलताईंनी पदराने तोंड पुसले, ते घामाचे निमित्ताने, आणि रामरावांस गावाकडे रवाना केले.

गावी रामरावांचा वडिलोपार्जित लोखंडी कूलर होता, नाव गजराज, चालू केले असता ढोरेही दावे तोडीत ऐसा त्याचा आवाज. तो टेम्पोत घालून आणिला, आणि चार हमालांची फौज जिन्यास भिडली. रामरावांनी खिडकी मापली होती, दार मापले होते, परंतु जिन्याचे वळण मापावयाचे राहिले. दुसऱ्या मजल्याचे वळणावर गजराज जो अडकला तो वर जाईना आणि खाली येईना, आणि मग वरचे वर, खालचे खाली ऐसी नाकेबंदी जाहली. दळणाचा डबा घेऊन आलेल्या, वरच्या मजल्यावरील मोतीबाईंनी रामरावांच्या शिक्षणाविषयी जाहीर शंका काढिली. अखेर हमालांनी हत्ती खाली उतरविला आणि मसलत दिली की दोर लावून बाहेरून गॅलरीत ओढावा.

परंतु सबंध किल्ल्यात सर्वांनी गॅलरीस लोखंडी जाळ्या ठोकून तिची खोली केलेली, विमलताईंनीही. खुली गॅलरी एकच, शेजारच्या हंसाबाई राठोड यांची. पुत्र रूपसिंग पुण्यास नोकरीला, यजमान निवर्तलेले, बाई एकट्या. त्यांचे गॅलरीतून, दिवाणखान्यातून, दारातून गजराज काढावयाचा. विमलताईंस मोठा पेच पडला, कारण स्वमुखे त्यांनी कैक वेळा रामरावांस म्हटले होते की, शेजारी माणूस राहते की बंद मीटर, काही समजत नाही. भिंत जाड असावी ऐसा त्यांचा भरवसा, कारण पलीकडून कुकरच्या शिट्टीखेरीज कधी बोलण्याचा आवाज आला नव्हता.

तरी लेकीकरिता पदर खोचून गेल्या आणि विनंती केली. हंसाबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बंद मीटरच्या घरातून कूलर नेता का, विमलताई?"

विमलताईंचे पायांखालची फरशी, जी आधीच पोकळ वाजत असे, ती नाहीशी जाहली. तेव्हा त्यांस उमगले की भिंत दोहींकडून सारखीच पातळ होती. एकट्या बाईने बोलावे कोणाशी, म्हणोन आवाज येत नव्हता. त्या चुकले म्हणाल्या. हंसाबाईंनी ते कानाआड केले आणि खरी तक्रार मांडली की, नातवंडाची बातमी रामरावांच्याही आधी आम्हांस भिंतीतून कळाली, परंतु हल्ली तुम्ही नवराबायको कुजबुजता. "पोरीचं काही बरंवाईट त नाही ना? दोन दिसांपासून हळू बोलून राह्यले तुम्ही, मले काही समजूनच नाही राह्यलं. आता हे भुंगाट आणलं, म्हणजे राह्यलेलंही गेलं."

विमलताईंनी खुलासा केला की पोर सुखरूप, कुजबूज ती विहीणबाईंच्या खलित्याची. मग उंबऱ्यावर तह जाहला. कलमे येणेंप्रमाणे: गॅलरी द्यावी, आणि घरात महत्त्वाचे बोलणे निघाले तर कूलर बंद करावा. ऐसे ठरून दोर बांधिले, हंसाबाईंनी वरून हुकूम सोडिले, आणि गजराज आकाशमार्गे चढून, त्यांचा सोफा एके पायाने अधू करून, स्वस्थानी स्थिर जाहला.

रविवारी विहीणबाई स्वारीसह दाखल झाल्या. थंड वाऱ्यासमोर बसल्या, पन्हे घेतले, पदर उडू लागला, दोष सापडेना म्हणोन कष्टी झाल्या. अर्पिता आईच्या मांडीशी सरकून निकालाची वाट पाहत होती. अखेर विहीणबाईंनी घसा खाकरला. विमलताईंनी उठून कूलर बंद केला.

"बंद काहून केला?"

"तुम्ही बोला. निवांत बोला."

त्यांनी फर्मान काढिले की, वारा ठीक, परंतु ही फ्लॅटची वस्ती, दारे सदा लावलेली, रात्रीबेरात्री पोरीस कळा आल्या तर हाकेला धावणार कोण, सबब सून परत नेतो.

तोच भिंत बोलली.

"मी हाय ना, विहीणबाई. हाक माराचीही गरज नाही. पोरगी नुसती कण्हली तरी मले ऐकू येते."

विहीणबाईंनी भिंतीकडे पाहिले, छताकडे पाहिले, पदर डोईवर घेतला, आणि आयुष्यात प्रथमच आवाज उतरवून म्हणाल्या की, असू द्या मग.

येणेंप्रमाणे मोहीम फत्ते जाहली: गजराज जागेवर, लेक माहेरी, हंसाबाई दुपारच्या चहास अलीकडे. बिल्डरसाहेबांनी चोरिलेली अर्धी वीट या युद्धी मोठी कामास आली, हे खरे. तरी त्याबद्दल त्यांस माफी दिलेली नाही, केवळ नोंद केली असे. लिफ्ट येणार आहे.