हौशीच्या गळ्यातला डबा

मंगळवार उजाडला की रखमाजी आधी म्हैस धूत आणि मग दोन कपबश्या. सगुणाबाईनं पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या त्या कपबश्या. ती जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मंगळवार-बुधवार सोडले तर त्यांना कुणी हात लावत नव्हतं. लेक औरंगाबादेत कंपनीत होता. त्याला सुट्टी मिळे तेव्हा बस मिळत नसे आणि बस मिळे तेव्हा सुट्टी. केदारखेड्यातल्या त्या घरात मग उरले दोघं, रखमाजी आणि त्यांची म्हैस हौशी.

पण मंगळवारी साहेब येत. देवानंद साहेब, भोकरदनला खोली घेऊन राहणारे, सरकारी योजनेवरचे ढोरांचे डॉक्टर. गाई-म्हशींच्या ढेकरातून एक वायू निघतो आणि त्यानं जगाची हवा तापते, असं सरकारच्या ध्यानात आलं होतं. म्हणून शेतकऱ्यांना मळी, मीठ, युरिया घालून थापलेली चाटण-वीट फुकट मिळे. म्हशीनं रोज थोडी चाटली की चारा नीट पचे आणि वायू कमी होई. किती कमी, ते मोजायला मंगळवारी हौशीच्या नाकाशी नळी आणि गळ्यात डबा अडकवायचा, बुधवारी काढायचा. आठवड्यातून दोनदा साहेब, दोनदा चहा.

"आबा, म्हैस ढेकर देती अन् सरकारला ऊन लागून राह्यलं व्हय?" शेजारची मालनबाई पदर तोंडाला लावून हसे.

"हास तू! गावात ढोरं पुष्कळ हायेत, पण डबा एकीच्याच गळ्यात हाय," रखमाजी म्हणत.

चहा घेता घेता रखमाजी विहीर खणल्याच्या गोष्टीपासून सुरू करत ते सगुणाबाईच्या आजारपणापर्यंत येत. साहेब कमी बोलत, पण उठायची घाई कधी करत नसत.

पोळा झाला आणि एका बुधवारी साहेब डबा काढता काढता म्हणाले, "बाबा, खुशखबर! हौशीचा वायू निम्म्यावर आला. असंच चाललं तर आपली योजना फत्ते!"

रखमाजींनी बशी खाली ठेवली. फत्ते म्हणजे संपली. योजना संपली म्हणजे डबा नाही, आणि डबा नाही म्हणजे साहेब नाहीत. त्या बुधवारी साहेबांची फटफटी वळणाआड गेली तसे ते उठले, हौशीपुढची वीट उचलली आणि रिकाम्या कणगीत टाकली. म्हशीनं भरपूर ढेकर द्यावेत आणि साहेबांनी भरपूर यावं, असा साधा सरळ बेत.

"वीट चाटली का?" साहेब विचारत.

"चाटूनपुसून संपली," रखमाजी सांगत. साहेब बिचारे नवी वीट देत आणि तीही कणगीत जाई. हौशीला चटक लागलेली. ती दावं ताणून कणगीकडे बघत हंबरे आणि रखमाजी तिच्याकडे पाठ करून बसत.

तिसऱ्या रविवारी दुपारी ते दळण आणायला गेले आणि मालनबाईची हाक आली. "आबा, पळा! तुमची हौशी फुगली!"

दावं तुटलं होतं. कणगी आडवी पडली होती. ओलीनं मऊ झालेल्या विटांमधली एक अख्खी आणि दुसरी अर्धी हौशीच्या पोटात गेली होती, आणि ते पोट डाव्या अंगानं टरारून आलं होतं. ती डोळे फिरवत होती. चौकातल्या चहाच्या टपरीवर फोन होता, तिथवर रखमाजी अनवाणी पळाले.

पाऊण तासात साहेब आले, पायात घरच्या सपाता. रखमाजींनी म्हशीचं तोंड धरलं, साहेबांनी नळकांड्यानं सिरका आणि थंड पाणी पाजलं.

"आता?"

"आता ढेकर आला पाहिजे. ढेकर आला की वाचली."

ज्या ढेकरासाठी सरकारनं एवढा खटाटोप केला, त्याच्यासाठी दोघं म्हशीपुढं हात जोडून बसले. साहेबांची नजर कणगीवर गेली. "बाबा, एवढ्या विटा इथं कशा?"

"साहेब, लबाडी केली म्या." रखमाजींनी हौशीच्या मानेवर हात ठेवला. "वायू कमी झाला तर तुमी येनार न्हाई. मंग मी बोलू कुनाशी? हिच्याशीच बोलतो. ही ढेकर देती, तेवढंच उत्तर. माझ्या हट्टापायी जीव चालला तिचा."

साहेब सपातेनं माती उकरत म्हणाले, "बाबा, योजना आखाडातच बंद झाली."

"आं? मंग हा डबा?"

"रिकामाच. मोजायची मशीन कवाच परत गेली. मला भोकरदनच्या दवाखान्यात घातलं."

"अन् निम्म्यावर आला म्हणल्ते ते?"

"तुमाला बरं वाटावं म्हणून. विटा गोदामात उरल्या होत्या."

रखमाजी ताडकन उठले. "म्हंजे आखाडापासून माझी म्हैस फुकटच डबा वाहून राह्यली?"

"चुकलंच माझं," साहेब खाली बघत म्हणाले. "मंडळी गोंदियाला. मी खोलीचं कुलूप उघडायचं, पडून राहायचं, सकाळी कुलूप लावायचं. इथं आलो की कुणीतरी कपबशी धुऊन ठेवलेली असती."

तेवढ्यात हौशीनं मान लांब केली आणि असा ढेकर दिला, की मालनबाईच्या कोंबड्या उडाल्या. दुसरा दिला, तिसरा दिला. दोघं लेकरांसारखे ओरडले.

"वाचली! बिलकुल वाचली!" साहेबांनी डोळे पुसले आणि नळकांडं उचललं. "निघतो बाबा. आता डब्याचं सोंग कशाला?"

"कशाला म्हंजे? मंगळवारी डबा घेऊनच या. न्हाईतर ही मालन गावभर विचारीत फिरंल, साहेब कशापायी येतेत म्हणून."

"बराबर," साहेब म्हणाले आणि पुन्हा खाली बसले.

रविवार होता, तरी रखमाजी कपबश्या धुवायला आत गेले.