काहिलीतला फोटो

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या अख्ख्या कृष्णाकाठाला ऑनलाइन पेपर वाचण्यात माझा हात धरणारा कुणी नाही! फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालो, मिशा पांढऱ्या झाल्या, पण डोकं अजून सावधानमध्ये उभं असतं. लेक अपेक्षा साताऱ्याला दिलीय. तिच्याकडं गेलो की मी तिथल्या एका वाचनालयात जाऊन बसायचो. तिथल्या ग्रंथपाल प्रियदर्शनी मॅडम एकदा म्हणाल्या, "बाळासो, पेपर वाचायला एवढ्या लांब कशाला येता? सभासद नंबर टाका, पासवर्ड टाका. जुने पेपर, मासिकं, संशोधनाचे लेख, सगळं घरबसल्या मोबाइलवर!"

झालं! वाचनालय खिशात घालूनच मी आष्ट्याची एसटी पकडली. आमचं गाव आष्ट्याच्या अलीकडं, नदीला चिकटून. उतरल्या उतरल्या पारावर जाहीर केलं, "गड्यांनो, मागं कवा बी पेपरात छापून आलेलं सांगा. बसल्या जागी काढून दावतो!"

"मागचं कशाला रं? उद्याचा पेपर काढ की! मटक्याचा आकडा बघू!"

सगळा पार हसला. हसली नाही ती फक्त बनुवहिनी. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालली होती, ती तशीच थांबली. संध्याकाळी दारात हजर.

"भावजी, खरंच सगळं निघतं व्हय त्यात?"

"सगळं!"

"मग ह्यांचा फोटू निघंल?"

ह्यांचा म्हणजे तिच्या मालकाचा, गुंडा खोताचा. दोन हजार पाचला पाणी गावात घुसलं तेव्हा होड्या कुठल्या मिळायला! गुंडादानं गुऱ्हाळावरची काहील पाण्यात ढकलली. काहील म्हणजे गूळ शिजवायची भली मोठी कढई. वेळूनं ती ढकलत त्यानं अर्धं गाव कोरड्यात नेऊन सोडलं. पेपरात फोटो आल्याचं कानावर आलं, पण त्या पुरात पेपर गावात पोचलाच नव्हता. पुढं दोन वर्षांत गडी काविळीनं गेला. मी तेव्हा सरहद्दीवर. सुट्टीत आलो की त्याला कधी लांबनं बघितलेला, तेवढीच ओळख. त्याची पोरगी अंकिता तर नुकती कुठं बोबडं बोलत होती.

आणि एकोणीसच्या पुरात वहिनीचं घरच पाण्याखाली गेलं. भिंतीवरचा फोटो, लग्नाचा आल्बम, मतदानाचं कार्ड, सगळ्याचा लगदा झाला. भावकीकडं विचारावं, तर भावकी पण नदीकाठचीच! गाव पुरातनं काढणाऱ्या माणसाला पुरानंच भिंतीवरनं नेलं, काय म्हणायचं ह्याला!

"अंकीचं लगीन ठरलंय," वहिनी म्हणाली. "हळदीच्या अंगानं बापाच्या फोटूच्या पाया पडायचं म्हनती. पोरीनं बाप फोटूतच बघितल्याला, त्यो बी आता तिला धड आठवत न्हाई. आन खरं सांगू का भावजी? मला बी आठवंना झालंय. पयलं डोळं मिटलं की म्होरं उभं ऱ्हायाचं. आता नुसता शर्ट दिसतोय. वरचं तोंडच दिसत न्हाई."

मी तोफांचे आवाज ऐकलेला माणूस. पण हे ऐकून मी बसल्या जागेवरनं उठून सावधानमध्ये उभा राहिलो.

"वहिनी, लग्नाच्या आत गुंडादा तुमच्या म्होरं उभा करतो! हवालदाराचा शब्द हाय!"

शब्द देऊन बसलो आणि मग कळलं, की जुन्या पेपरात माणूस शोधणं म्हणजे उसाच्या फडात सुई शोधणं! त्या शोधायच्या चौकटीत 'गुंडा' असं टाकलं, तर जिल्ह्यातले समदे तडीपार एका रांगेत माझ्यापुढं हजर! 'काहील' टाकलं, तर संशोधनाच्या लेखातनं गुळाची मळी काढायच्या नाना तऱ्हा निघाल्या. त्यातला एक लेख मी वाचत बसलो आणि पासवर्डची मुदत संपली. 'पूर' टाकलं तर जिकडंतिकडं पाणीच पाणी. आमची बायको म्हणाली, "आवं, जेवायला या, न्हाईतर त्या मोबाइलमधीच वाहून जाशीला!"

पण सापडलं! साताऱ्याहून निघणारा आणि आता बंद पडलेला एक पेपर, त्याचं आतलं पान. 'काहिलीतून ग्रामस्थांची सुटका. गुंडा खोत यांचे धाडस.' वर फोटो. चहूकडं पाणी, मधे काहील. काहिलीत एकजण कॅमेऱ्याकडं पाठ करून वेळू रेटतोय आणि एकजण समोर तोंड करून मस्त हसतोय.

आता मला सांगा, बातमी ज्याची, फोटो ज्याचा, तोंड त्याचंच असणार ना? फौजेत माझा आयुष्यात एकदाच पेपरला फोटो आला, तर मी पहिल्या रांगेत छाती काढून उभा होतो! मी तेवढं हसरं तोंड कापून घेतलं आणि आष्ट्याच्या मल्हार फ्लेक्सवाल्याकडं पाठवलं. फक्त म्हणालो, "जरा साफ कर."

मल्हारनं असा साफ केला, की विचारू नका! अंगात निळा कोट, गळ्यात टाय, डोक्यावर फेटा. गाल दुधात धुतल्यासारखे आणि मिशा कुळकुळीत. खाली झोकदार अक्षरात, 'कै. गुंडा खोत. आपले आशीर्वाद सदैव पाठीशी!'

लग्नाच्या आदल्या दिवशी तो फ्लेक्स वहिनीपुढं उलगडला. वहिनीनं चष्मा पुसला. कितीतरी वेळ बघत राहिली. मग कोटावरनं हात फिरवत म्हणाली, "कोट कवा घातला व्हता ह्यांनी?"

"त्यो मल्हारनं घातलाय. तोंड बघा की तोंड!"

"तू म्हनतोस म्हंजी हेच असतील, बाबा," ती म्हणाली आणि पदरानं डोळं पुसायला लागली. मला वाटलं, आनंदानं रडतीय. छाती आणखी दोन इंच वाढली माझी.

लग्न आष्ट्याच्या कार्यालयात. सकाळी हळदीच्या वेळी स्टेजशेजारी फ्लेक्स उभा केला, चंदनाचा हार घातला, उदबत्ती लावली. गावातली म्हातारी माणसं येऊन बघायला लागली.

"गुंडा एवढा गोरा कवा झाला रं?"

"आवं, फ्लेक्सवर समदीच गोरी हुत्यात!"

"नाक जरा फुगीर वाटतंय."

"फेट्यामुळं!"

असं प्रत्येकाला मी समजावत होतो. तेवढ्यात नवरदेवाकडची माणसं आली. नवरदेव वीरधवल कराडकडचा, उसाच्या रानातला. त्यांच्या रानात दरसाल खतासाठी मेंढरं बसवायला येणारे आटपाडीकडचे कोंडीबा मेंढकेही लग्नाला आले होते. खांद्यावर घोंगडं, पिळदार पटका. ते सरळ फ्लेक्सपुढं गेले आणि थांबले. डावीकडनं बघितलं. उजवीकडनं बघितलं. उदबत्तीचा धूर हातानं बाजूला सारून बघितलं.

"आरं, ह्यो तर मी हाय!"

"बाबा, जेवान तिकडं हाय," मी म्हणालो.

"जेवनाचं ऱ्हाऊ द्या! मी मेलो कवा?"

नेमकी तेवढ्यात नवरीची लांबची मावशी धोंडुबाई आरतीचं ताट घेऊन आली. तिनं फ्लेक्सकडं बघितलं, कोंडीबांकडं बघितलं, परत फ्लेक्सकडं बघितलं. तेच नाक, तोच हनुवटीवरचा तीळ! ताट खाली, कुंकू सगळीकडं!

"आगं आयायाया! फोटूतनं माणूस भाईर आलाय!"

हा हा म्हणता कार्यालयभर झालं, "गुंडादा आलं! गुंडादा परत आलं!" वाजंत्री थांबली. आचारी झारा घेऊन पळत आला. एकजण म्हणाला काविळीतनं उठला होता, दुसरा म्हणाला संन्यासी झाला होता! मी ओरडतोय, "सावधान! सगळे जागेवर!" कोण ऐकतंय!

आणि आतल्या खोलीतनं बनुवहिनी धावत आली. पायात चप्पल नाही, हात हळदीनं भरलेले, पदर एका खांद्यावरनं निसटलेला.

"आलं? कुठं हायती? आवं, कुठं हायती?"

गर्दी बाजूला झाली. वहिनी कोंडीबांपुढं येऊन उभी राहिली. एकदाच त्यांच्याकडं बघितलं. एवढे दिवस तोंड आठवत नव्हतं तिला, पण हे ते नव्हे, हे कळायला पापणी लवायचा पण वेळ लागला नाही.

"ह्ये न्हवंत," ती म्हणाली आणि खाली बसली.

आचाऱ्यानं झारा खाली केला. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं झालं. एका बाईचा नवरा तिला परत दिला आणि परत काढून घेतला मी! लाज वाटली, राव. लय लाज वाटली.

कोंडीबा मात्र घोंगडं सावरत तिच्याजवळ बसले. "ताई, ह्यो फोटू काहिलीतला न्हवं? त्या साली मेंढरांच्या बाजाराला आल्तो आन तुमच्या गावात अडाकलो. तुमच्या मालकानंच मला भाईर काढला."

मी मोबाइल काढला. वाचनालय उघडलं. पासवर्ड चुकला. परत टाकला. परत चुकला! तिसऱ्यांदा पान उघडलं आणि पूर्ण फोटो वहिनीपुढं धरला.

कोंडीबांनी बोट ठेवलं. "ह्यो हासतोय त्यो मी. आन ह्यो पाठमोरा, त्यो गुंडा. बांधावरनं फोटुवाला वरडत व्हता, हिकडं बघा, हिकडं बघा! मी बघितलं. गुंडानं न्हाई बघितलं. धारंला लागलो व्हतो आमी. त्यानं मान वळवली असती, तर मी आज हितं जेवायला नसतो."

वहिनीनं मोबाइल दोन्ही हातांत घेतला. हळद लागली सगळ्या काचेला. भिजलेला शर्ट पाठीला चिकटलेला, डावा खांदा जरा खाली, मानेवर केसांचा भोवरा.

"ही पाठ त्यांचीच," ती म्हणाली. "जलमभर मागनं चालले ह्या पाठीच्या. बाजाराला जाताना, रानात जाताना. हिला नं वळखून कसं चालंल?" आणि मग ती खरी रडली. काल रडली होती ते वेगळं होतं, हे मला तेव्हा कळलं.

अंकितानं मोबाइल चौरंगावर ठेवला आणि वाकली. नेमकी तेव्हाच काच काळी झाली! मी बोट लावलं, तर पासवर्ड मागायला लागला. पोरगी वाकलेलीच. "काका, आलं का बाबा?" "आलं, आलं, थांब जरा!" पान आलं. पोरगी नीट पाया पडली. कोंडीबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "त्याच्या वाटचा आशीर्वाद माझाच घे बाई."

निघताना कोंडीबांनी फ्लेक्स गुंडाळून काखेत मारला. मी हात जोडले, "बाबा, चुकी झाली."

"आसूं दे. कोट झ्याक दिसतोय मला. नाव तेवढं बदलून घेतो, आज ना उद्या लागनारच हाय!"

आता वहिनीच्या भिंतीवर ती पाठ लावलीय. कोट नाही, फेटा नाही. मल्हारला बोटसुद्धा लावू दिलं नाही मी. अंकी सासरी गेलीय. वहिनी रोज सकाळी पाठीला हार घालते आणि वैरणीला जाताना माझ्या दारात थांबते.

"भावजी, बघ की रं तुझ्या त्या वाचनालयात. एवढं पेपर हायती. कुठल्यातरी एकात मान वळवली आसंल त्यांनी."

मी पण चष्मा लावून बसतो. पारावर आता काही बोलत नाही. रोज पासवर्ड टाकतो, रोज एकेक पान पुढं सरकवतो आणि रोज दारात येऊन सांगतो, "आज बी न्हाई वळवली, वहिनी. उद्या बघू."