सुमनबाईंचा चाळीस टक्क्यांचा पेपर

कुठल्याही सरकारी कामाला हात घालण्याआधी प्रशील एक वाक्य न चुकता म्हणायचा, "हे माझ्यावर सोडा." लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मृणाली हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघत राहायची. पण प्रशील धरणगावच्या एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर क्लार्क होता. रोज दोनशे फॉर्म तपासणाऱ्या माणसाला अडवणार कोण?

या वेळी त्याच्यावर सोडलं होतं ते सासूबाईंचं काम. सुमनबाईंना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. ऑपरेशन झालं, थेंब चालू होते, पण गेलेली नजर काही परत येणार नव्हती. तरी घरात त्या इतक्या सराईत वावरायच्या की पाहणाऱ्याला खरं वाटू नये. पावलावरून माणूस ओळखायच्या, वासावरून डाळ, आणि खोकल्यावरून जावई. शेजारच्या लिलाबाई तर उघड म्हणायच्या, "दिसत नही म्हनतीस, आनि मन्ही वाटी बरोबर कशी सापडनी?"

दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं की महिन्याची मदत सुरू होणार होती, एसटीची सवलत मिळणार होती. पारोळ्याला बहिणीकडे जायचं तर तिकिटासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, एवढीच सुमनबाईंची इच्छा. आणि आईची ही एवढीशी इच्छा पुरी व्हावी म्हणून मृणालीचा जीव टांगणीला लागलेला.

प्रशीलने आधी कायद्यातली यादी डाउनलोड केली. दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार. ते त्याने जेवताना मोठ्याने वाचून दाखवले. (वाचता वाचता त्यातले तीन त्याला स्वतःत असल्याचा भास झाला, पण तो बोलला नाही.) भिंतीपलीकडून शेजारच्या नथ्थूभाऊंनी विचारलं, "प्रशीलभाऊ, त्याच्यात घोरणं शे का?"

"नाही, भाऊ!"

"मंग आमनी बाईना काय उपेग!"

यादी संपली आणि प्रशीलने तो छोटासा निर्णय घेतला. मामींची तयारी करून घ्यायची. (सासूला तो मामीच म्हणायचा, इकडची पद्धत.)

"मामी, ऐका. डॉक्टर तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतील. घाबरायचं नाही, अडखळायचं नाही. चाळीस टक्के पाहिजेत. एक जरी कमी पडला तरी काम झालं नाही म्हणून समजा."

"चाळीस?" सुमनबाईंनी भाकरी थापता थापता हात थांबवला.

"चाळीसच्या वर कितीही चालतील."

झालं. प्रशीलला वाटलं, आपण माहिती दिली. पण ज्या भिंतीकडे पाठ करून तो बसला होता, त्या भिंतीवर मृणालीची एम.ए.ची पदवी, धाकट्या प्रज्ञाचं नर्सिंगचं सर्टिफिकेट आणि आकाशची इंजिनिअरिंगची पदवी, अशा तीन फ्रेमा बाबासाहेबांच्या फोटोखाली ओळीने टांगलेल्या होत्या. तिन्ही पोरांना सुमनबाईंनी दुसऱ्याचा कापूस वेचून शिकवलं होतं. त्या स्वतः शाळेत गेल्या नाहीत. पुढे प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकल्या, पण परीक्षेच्या आधीच मास्तरांची बदली झाली. बठ्ठं, सगळं घर पास झालं होतं, परीक्षेला कधी न बसलेल्या तेवढ्या त्या एकट्याच. आता पासष्टाव्या वर्षी त्यांचा पेपर आला होता, आणि जावई म्हणत होते, पासिंग चाळीसला आहे.

ठरलेल्या दिवशी सासू-जावई सकाळच्या एसटीने जळगावला पोचले. सरकारी दवाखान्यात ही गर्दी. सुमनबाईंचा नंबर तेरावा. प्रशीलने त्यांना डोळ्यांच्या खोलीच्या दाराशी बाकावर बसवलं, ऐटीत फाइल उघडली, आणि आधार कार्डाची झेरॉक्स घरी राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं.

"मामी, इथून हलू नका. दोन मिनिटांत आलो."

झेरॉक्सवाल्याकडे दवाखान्यापेक्षा मोठी रांग होती. प्रशील परतला तेव्हा सव्वा तास उलटला होता. सुमनबाई बाकावर ताठ बसल्या होत्या, डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

(बुद्धवंदना म्हणत असतील, असं त्याला वाटलं. त्याला स्वतःला निम्मी वंदना येत नव्हती, म्हणून त्याने अदबीने विचारलंच नाही.)

"सुमनबाई कोण? या आत."

आत काळे पडदे ओढून अंधार केलेला. समोर भिंतीवर उजेडाच्या पेटीत अक्षरांचा तक्ता. डॉक्टर मॅडम तरुण होत्या आणि सकाळपासून बारा जण तपासून दमलेल्या होत्या. बाहेरचा गलका वाढला तसं शिपायाने आता दार लोटून घेतलं आणि सुमनबाईंना स्टुलावर बसवलं.

"मावशी, कोणता डोळा आधी झाकू?"

"तुम्हाले सोयीना पडी तो झाका, भाऊ."

"वाचा, काकू," मॅडम म्हणाल्या. " दिसेल तेवढंच."

सुमनबाईंनी पदर सारखा केला, हात जोडले आणि सुरुवात केली. "प. ग, म. न, ट, क..."

पहिली ओळ गेली, दुसरी गेली. चौथ्या ओळीला डॉक्टर मॅडमनी पेन खाली ठेवलं. पाचव्या ओळीला त्यांनी फाइलमधले रिपोर्ट पुन्हा बघितले. आतून दाराला टेकून उभा असलेला प्रशील दोन पावलं पुढे सरकला. ज्या बाईला दीड वर्षापासून नातवाचा चेहरा दिसत नव्हता, ती शेंगा सोलाव्यात तशी अक्षरं सोलत होती!

"मामी," तो कुजबुजला, "काय चाललंय?"

"मधमा बोलू नका, जवाईबापू. पेपर चालू शे."

डॉक्टर मॅडम प्रशीलकडे वळल्या. आवाज अगदी शांत होता, आणि तोच वाईट होता. "हे रिपोर्ट कुणाचे आहेत?"

"यांचेच, मॅडम."

"रिपोर्टप्रमाणे यांना हाताची बोटं मोजता येत नाहीत. आणि या सहावी ओळ वाचतायत. खोटे कागद आणणाऱ्यांचं आम्ही काय करतो, माहीत आहे ना? तुम्ही काय करता?"

"क्लार्क आहे," प्रशील म्हणाला. (आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे खाली मान घालून सांगितलं.) त्याच्या डोळ्यांसमोर प्रमाणपत्र गेलं, पारोळा गेलं, नोकरी गेली, आणि सगळ्यात शेवटी मृणाली आली. ती मात्र जाईना.

आणि तेवढ्यात लाइट गेली.

तक्ता विझला. काळे पडदे, बंद दार, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. शिपाई "अरे!" म्हणून जागीच थांबला. पंख्याची घरघर मंदावत थांबली.

"पंखा कसाले बंद कया, भाऊ?" सुमनबाई म्हणाल्या. "बरं ऱ्हाऊ दे. सातवी ओय. र, ड, ख..."

त्या मिट्ट काळोखात सुमनबाई एक एक अक्षर ठासून वाचत राहिल्या. आठवी ओळ संपली तेव्हा त्यांनी समाधानाने श्वास सोडला. "व्हयनं. बठ्ठं लिखं ना, बाई?"

"काकू," अंधारातून मॅडमचा आवाज आला. त्याला आता हसू फुटत होतं. "लाइट गेलीय. तक्ता बंद आहे."

घाबऱ्या आवाजात सुमनबाईंनी विचारलं, "मंग मन्हा पेपर रद्द का?"

मॅडमनी त्यांच्याजवळ स्टूल ओढून घेतलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. तोवर दार उघडं होतं, लायसन्सच्या दाखल्यासाठी आलेली बारा माणसं मोठ्याने वाचत होती, आणि वंदनेपासून बसच्या वेळापत्रकापर्यंत सगळं कानाने पाठ करायची या बाईंना जन्माची सवय.

"पण पाठ कशाला केलंत?"

"बाई, चाळीस पाहिजेत ना? घरमा बठ्ठा पास शेतस. मी एकली नापास व्हयनू तं पोरं काय म्हनतीन?"

"चाळीस टक्के न दिसण्याचे लागतात, काकू. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही?"

अंधारातही प्रशीलला कळलं की सगळे त्याच्याकडे बघतायत.

लाइट आली. मॅडमनी मग यंत्रावर नजरेचा आवाका तपासला, डोळ्यांच्या आत बघितलं, जुन्या ऑपरेशनचे कागद जुळवले. यंत्राला पाठांतर चालत नाही. "चाळीसच्या पुष्कळ वर आहात," त्यांनी सही करता करता सांगितलं. "कार्ड पोस्टाने घरी येईल."

प्रशीलचा जीव भांड्यात पडला. पडला तो पडला, पण गप्प बसेना. गेलेली अब्रू थोडीतरी परत आणावी म्हणून तो तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तसं मॅडम, मामींनी शेवटच्या ओळीत एक चूक केलीच होती. तिथे 'घ' आहे."

"ध शे, जवाईबापू," सुमनबाई मान न वळवता म्हणाल्या. "बारा जनस्नी ध वाचं."

मॅडमनी तक्त्याकडे बघितलं, मग प्रशीलकडे. "काकू बरोबर आहेत. बसा तुम्ही स्टुलावर."

"मी? मला स्वच्छ दिसतं, मॅडम. रोज दोनशे फॉर्म..."

"बसा."

तो बसला. पाचव्या ओळीपासून त्याने आत्मविश्वासाने जे वाचलं, ते तक्त्यावर कुठेच नव्हतं. मागून सुमनबाई खालच्या आवाजात बरोबर अक्षरं पुरवत होत्या.

"काकू, कॉपी नको," मॅडम म्हणाल्या, आणि डोळ्यांचा पडदाही तपासून घेऊ म्हणत त्यांनी प्रशीलच्या दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. पडदा ठीक निघाला. "चार-पाच तास धूसर दिसेल. उन्हात जपा."

जळगावच्या दुपारच्या उन्हात जपायचं म्हणजे काय, हे जळगावात एकदा उभं राहिलेल्यालाच ठाऊक. दवाखान्याच्या पायरीवर प्रशीलने डोळे उघडले आणि लगेच मिटले. सगळं पांढरं. सुमनबाईंनी पिशवी चाचपली, ऑपरेशनच्या वेळचा काळा गॉगल काढला, त्याच्या नाकावर बसवला आणि त्याचा हात धरला.

"चाला. मी शे ना."

रिक्षावाल्याच्या आवाजावरून रिक्षा, आणि कंडक्टरच्या ओरडण्यावरून एसटी त्यांनी बिनचूक गाठली. पायरी तेवढी प्रशीलला दिसली नाही. नडगी अशी आपटली की सगळी एसटी हळहळली.

"अरे अरे, सांभाळून! एवढा तरणाताठा माणूस!" कंडक्टरने पुढच्या राखीव सीटवरच्या गृहस्थांना उठवलं. "बसा दादा, तुम्ही बसा. मावशी, तुम्ही जरा धरून उभ्या ऱ्हाता का?"

"अहो, मला नाही, यांना..." प्रशील म्हणायला गेला, पण चार हातांनी त्याला दाबून बसवलं होतं.

"कधीपासून हो असं?" मागच्या बाईंनी कळवळून विचारलं.

"अडीच वाजापाईन," सुमनबाईंनी खरं ते सांगितलं.

गाडी हलली. कंडक्टर तिकिटाचं मशीन काढून, आवाज अगदी मऊ करून म्हणाला, "मावशी, दादांचं दिव्यांगाचं कार्ड आणलंय का? सवलत लागेल."

"नही ना, भाऊ," सुमनबाई वरचा दांडा धरून, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कार्ड मन्हं येणार शे. जवाईबापू नापास व्हयनात."