जननी घोडीचं प्रकरण

प्राणी नर की मादी, हे त्या प्राण्याखेरीज बाकी सगळ्यांना नक्की ठाऊक असलं, की समाज सुखाने झोपतो. कुंभकोणमचा मराठी समाज गेली बारा वर्षं असाच झोपला होता.

या बारा वर्षांत चंद्रमौलीच्या घोडीने, जननीने, सदतीस नवरदेव मांडवापर्यंत पोचवले. नवरदेवाने घोडीवरच बसावं, हा समाजाचा तंजावर दरबारापासूनचा नियम. (कारण : एका मांडवात दोन नर शोभत नाहीत.) पण जननीला काही पोर होईना. पापनाशमचा घोडा झाला, पट्टीश्वरमचा नवस झाला, शेवटी गुरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला : बाहेरून घोडी, गुणसूत्रं घोड्याची, एक्सवाय. दोष जन्मजात, त्रास काही नाही, पोर तेवढं व्हायचं नाही.

घोडीचे सगळे कागद दरवर्षी विवाह समितीला द्यावे लागतात, म्हणून भाबड्या चंद्रमौलीने हाही दिला. तिथेच घोळ झाला.

समितीने सदतीसही लग्नं संशयास्पद ठरवली. चौतीस जोडप्यांनी लग्न वैध असल्याचं पत्र मागितलं, तीन बायकांनी नसल्याचं. (त्यांतल्या विशालाक्षीबाईंनी तर आगाऊ मैसूरपाक वाटला.)

शुक्रवारी चंद्रमौलीच्याच मुलीचं, हरिणीचं लग्न होतं. आई गेल्यावर ही पोर जेवायला लागली ती जननीच्या शेजारी पान मांडून. माझा नवरा दुसऱ्या घोडीवर आला तर मी मांडवात येणार नाही, असं तिने सांगून टाकलं होतं.

"ही घोडी नव्हे. यादीतून नांव काढून टाका," समितीचे अध्यक्ष अप्पाराव म्हणाले.

चंद्रमौलीला रडूच फुटलं. "अप्पा, तुमी दिसलेंत तसें आमी तुमाला पुरुष मणलों. कागद विचारलों नाहीं कीं!"

मुद्दा तर्कशुद्ध होता. अकराही सभासदांनी आधी आपलं रक्त तपासून घ्यावं, असा ठराव एकमताने झाला.

अहवाल घेऊन यायच्या गुरुवारच्या बैठकीला नऊजणांना ताप होता, एक इन्नंबूरला भात बघायला गेला होता. अप्पाराव आले, कारण कचेरीची किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांनी एकट्यानेच लिहिलं : 'दिसेल तेच मानावं. कोणाचाही अहवाल मागवू नये.'

शुक्रवारी जननी मोगऱ्याची माळ घालून नवरदेवाला घेऊन आली. हरिणी आधी तिच्याच गळ्यात पडली.

समितीला हसणाऱ्या वाचकांनी आपापला अहवाल सोबत जोडावा. (नसल्यास तुम्ही दिसता तेच आहात, असं आम्ही मानून चाललो आहोत. अहवाल असलेली या गोष्टीत जननी एकटीच.)