उसनं काळीज

"नाव?" टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं.

"चुडामण निंबा पाटील. वय चौतीस," झुलालने छाती पुढे काढून सांगितलं.

आणि खरा चुडामण निंबा पाटील त्या वेळी शाळेच्या भिंतीमागे, लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून, विझलेली बिडी ओढत उभा होता.

गेल्या कार्तिकात त्याचा थोरला भाऊ जीवराम केळीच्या बागेत पाणी धरता धरता खाली बसला, तो उठलाच नाही. अडतिसाव्या वर्षी. ना ताप, ना खोकला. म्हणून जळगावचे डॉक्टर सावद्याला येऊन तरुण माणसांची काळजं तपासणार असं कळलं, तेव्हा चुडामणच्या बायकोने, कुंदाबाईने, सगळ्यांत आधी नवऱ्याचं नाव घातलं. चुडामण मात्र त्या कार्तिकापासून एकच गोष्ट धरून बसला होता. दुखणं कागदावर आलं, की ते अंगात येतं. जोवर कोणी लिहीत नाही, तोवर माणूस धडधाकट.

त्यातून त्याने तोड काढली. तो केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम. टोळीतला झुलाल शिरपूरकडचा, त्याच्याच वयाचा, खांदे सागाच्या खोडासारखे. घड असे उचलायचा, जसं एखादी बाई कडेवर लेकरू घेते. असं काळीज आपल्या नावावर लागलं तर कुंदाबाई निर्धास्त आणि आपणही.

"काय केलं रे तिथं?" झुलाल बाहेर आल्यावर चुडामणने विचारलं.

"हाते-पाये चिमटा लाया. कागद सरसर बाहेर उना. दंडले पट्टा बांधा. रंगत काढं," झुलाल रक्त काढलेला दंड चोळत म्हणाला. "काहीच दुखनं नही भाऊ. तू उगाच घाबरना."

आठव्या दिवशी कागद आला. शाळेच्या मास्तरांनी चुडामणच्या ओट्यावर उभं राहून तो वाचला आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बसत गेला. रक्तदाब फार वाढलेला. रक्तात चरबी. हृदयाच्या आलेखात दोष. रुग्णाने श्रमाची कामं थांबवावीत आणि बुधवारी न चुकता जळगावला दाखवावं.

कुंदाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. जीवरामची विधवा बेबाबाई चुलीपुढून उठली आणि चुडामणच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. तिच्या त्या हाताच्या ओझ्याखाली चुडामणच्या ओठांवर आलेलं खरं परत पोटात गेलं. आणि पोटात गेल्यावर त्याला दुसरंच काही उमगलं. कागद खोटा नव्हता. नाव तेवढं खोटं होतं.

तो तसाच उठून बागेकडे धावला. झुलाल दोन घड एकदम घेऊन गाडीकडे चालला होता.

"ठेव ते खाली! झुलाल, तुह्या काळजात दोष हाये!"

"मन्हा?" झुलाल हसला. "कागदवर नाव कोनं शे?"

"नाव माह्यं हाये. पन चिमटे तुले लावले ना!"

"भाऊ, नाव तुनं, तं दुखनं तुनं. तू घाबरी गया, म्हनीसन मन्हावर ढकली ऱ्हायना. जाय, घर जाईसन नीज."

घरी निजायला जागा नव्हती. पाहुणे यायला लागले होते. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आपल्याकडची रीत. कोणी शेव आणली, कोणी जिलबी, कोणी तळलेले पापड. आणि ज्याच्यासाठी आणलं त्याच्या ताटात कुंदाबाई उकडलेला दुधी वाढत होती, मिठाच्या चार कणांसह. बेबाबाई जात्यावर बसली की गळ्यातल्या गळ्यात म्हणायची:

*केळीच्या ग पानाला, वारा लागे चीर जाई,*
*दिराच्या ग काळजाले, टाका घाल मुक्ताबाई.*

ते ऐकलं की चुडामणला दुधीही गिळवेना.

रोज संध्याकाळी झुलाल भेटायला यायचा. मांडी घालून बसायचा आणि चुडामणच्या वाटची शेव मूठ-मूठ तोंडात टाकायचा. मूठ तोंडाकडे गेली, की चुडामणचा श्वास अडकायचा.

"नको खाऊ रे इतकं!"

"पाह्यलं का वहिनी? शेववर जीव शे आजून त्याना!" झुलाल म्हणायचा, आणि कुंदाबाई डोळे पुसत त्याच्यापुढे आणखी जिलबी ठेवायची. "खा भाऊ तुमी. तुमच्या अंगाले तं लागते."

शेवटी चुडामणने गयावया केली. "मले एकट्याले भेव वाटते. तू माह्यासंगं पथ्य कर. माह्यासंगं सकाळी चाल."

मैत्रीचा शब्द झुलाल कधी खाली पडू देत नसे. त्या दिवसापासून दोन ताटांत दुधी पडू लागला आणि उजाडता दोघं सावद्याबाहेरच्या रस्त्याने चालू लागले. मंगळवार सरला की बुधवार. बुधवारी डॉक्टरांना खरं सांगून टाकता येईल; तोवर दिवस निघावेत, एवढंच चुडामण मुक्ताबाईला मागत होता.

मंगळवारी सकाळी रस्त्यातल्या मोरीच्या पुलापाशी झुलाल थांबला. कठड्यावर बसला. त्याच्या कपाळावर घामाचे टपोरे थेंब, आणि हाताचा तळवा छातीवर.

"काय झालं?"

"काही नही. गॅस शे."

जीवरामने त्या दिवशी बागेत हेच म्हटलं होतं.

चुडामणचं डोकं एकदम लखलखीत झालं. झुलाल स्वतःसाठी जळगावला कधीच यायचा नाही. पण आपल्यासाठी? त्याने दोन्ही हातांनी छाती दाबली, डोळे फिरवले आणि रस्त्यावर लोळण घेतली. "मेलो रे! जळगाव! मले जळगावले ने!"

त्याने सगळं मोजलं होतं, एक सोडून. झुलाल क्षणात उठला, वाकला आणि चुडामणला घडासारखा खांद्यावर टाकून गावाकडे पळत सुटला.

"खाली ठेव!" चुडामण त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत ओरडला. "मले काही झालं नही! तू पळू नको!"

"बोलू नको भाऊ, तुना दम जाई!"

"माह्या दमाचं जाऊ दे, तुह्या दमाचं पाह्य! थांब, तुले शपथ हाये!"

"वात व्हयना वाटस, बरळी ऱ्हायना," झुलाल धापा टाकत पुटपुटला आणि आणखी जोरात पळू लागला. खाली चुडामणच्या कानाला त्याचं काळीज ऐकू येत होतं. आडरानात सैरावैरा सुटलेल्या बैलगाडीसारखं. एवढी भीती चुडामणला स्वतःच्या काळजाचीही कधी वाटली नव्हती.

नाक्यावर गावातल्या भाईदासची जीप उभी होती. भाईदासने ती आधी घरावरून नेली, आणि कुंदाबाई व बेबाबाई अनवाणीच आत चढल्या. जळगाव येईपर्यंत चुडामणने पुन्हा छाती धरून ठेवली. जळगावच्या दवाखान्यात कंपाउंडर स्ट्रेचर घेऊन आला, तेव्हा त्यावर झोपवलेला रोगी ताडकन उठून बसला आणि शेजारी भिंतीला टेकलेल्या, पांढऱ्याफटक झुलालकडे बोट करून ओरडला, "मले नही, त्याले! माह्या नावानं त्यानं तपासनी देली! पाप माह्यं हाये डॉक्टर, काळीज त्याचं हाये!"

डॉक्टरांनी एकदा कुंदाबाईकडे पाहिलं, एकदा चुडामणकडे, आणि प्रश्न नंतरसाठी ठेवून झुलालला आत घेतलं.

तिघं बाहेरच्या बाकावर बसली. कुंदाबाई समोरच्या भिंतीकडे पाहत होती. चुडामणला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं. बेबाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. मागेही घेतला नाही. मधेच कुठेतरी तो हात थांबून राहिला होता.

मग डॉक्टर बाहेर आले. "वेळेवर आणलंत. अजून झटका आलेला नाही, पण दारात उभा होता. आता गोळ्या, तंबाखू बंद, मीठ-तेल बेताचं, आणि मी सांगेपर्यंत ओझं नाही. पुढे रोज चालणं. अंगात ताकद आहे म्हणजे काळीज ठीक आहे, असं नसतं. आणि वय कमी आहे म्हणजे तर मुळीच नसतं." मग त्यांनी चुडामणकडे पाहिलं. झुलालने आत जीवरामचंही सांगितलं होतं. "ज्याच्या थोरल्या भावाला अडतिसाव्या वर्षी झटका येतो, त्याने तर सगळ्यांत आधी यायचं. चला. झोपा टेबलावर."

आता लिंबाचा बुंधा नव्हता आणि दुसरा झुलालही नव्हता. चुडामण आडवा झाला. चिमटे लागले तसे त्याचे दात वाजायला लागले. बाजूच्या खाटेवरून झुलालने हात लांब करून त्याचं मनगट धरलं. "घाबरू नको भाऊ. मी एकडाव तुनी तपासनी दिध्दी शे. काहीच दुखत नही."

कागद सरसर बाहेर आला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला. चुडामणने डोळे मिटले.

"आलेख चांगला आहे. दाब थोडा चढा आहे. रक्ताचं उद्या कळेल. बिडी सोडायची आणि दर सहा महिन्यांनी यायचं. स्वतः."

बेबाबाईचा हात शेवटी चुडामणच्या डोक्यावर टेकला आणि ती तोंडाला पदर लावून रडली. त्या रडण्यात जीवराम होता, आणि हे दोघं नव्हते, म्हणून थोडं हसूही होतं. चुडामण हळूच उठून बसला. सुटलो, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटायला लागलं होतं.

तेव्हा कुंदाबाई पहिल्यांदा बोलली.

"झुलालभाऊनं तुमची तपासनी देली ना?"

"हो," चुडामण म्हणाला.

"मंग त्याहिचं पथ्य तुमी करायचं. ते मीठ सोडतीन, तुमी सोडायचं. ते दुधी खातीन, तुमी खायाचा. ते चालतीन, तुमी चालायचं. जल्मभर."

चुडामणने मान खाली घातली. खाटेवर झुलाल कोपरावर उठला आणि डॉक्टरांनी हातात दिलेल्या पांढऱ्या गोळीकडे, मग चुडामणकडे, मग कुंदाबाईकडे त्याने मोठ्या आशेने पाहिलं.

"मंग वहिनी," तो म्हणाला, "हाई गोयी बी भाऊच खाई का?"