घर क्रमांक २१४/ब जागेवर आहे

गुरुवार, दिनांक चार मे दोन हजार सतरा रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जतीनने सात वर्षं बंद पडलेली गाडी स्वतःच्या हातांनी चालू केली आणि सतरा फूट पुढे नेली.

ही घटना घडलेली नाही. तसा लेखी अभिप्राय उपलब्ध असल्यामुळे आपणही ती घडली नाही असं धरूनच पुढे जाऊ. गावाचं नाव देत नाही. कोसबाडच्या टेकडीवरून दिसतं, एवढं पुरे. गाव हागणदारीमुक्त होण्याच्या बेतात होतं, आणि अशा नाजूक दिवसांत गावाचं नाव कुठे छापून येऊ नये.

आता गाडी मुळात लागली कशाला, ते सांगतो. जतीनच्या आईला, म्हणजे हिरकणीबाईंना, तलासरीला भाऊ आहे. चिमणमामा. मामाच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात, पण बहिणीला आणायला त्यातली एकही कधी निघालेली नाही. मामा फोनवर मायेने म्हणतो, "तू एसटीने ये गं, स्टँडवर कुणाला तरी फटफटी घेऊन पाठवतो." गेली अकरा वर्षं प्रत्येक लग्नाला, बारशाला हिरकणीबाई मांडीवर आहेराची पिशवी घेऊन कुणातरी अनोळखी माणसाच्या मागे एका अंगाला बसून मांडवात शिरत आल्या होत्या. मागच्या खेपेला तर फटफटीवाल्याने त्यांना मांडवाच्या मागच्या बाजूला उतरवलं. तिथे आचाऱ्याच्या बाईने त्यांच्यापुढे विळी सरकवली. ओळख पटेपर्यंत दोन किलो कांदा चिरून झाला होता.

येत्या रविवारी मामाच्या मुलाची हळद होती.

"या वेळेला मी गाडीतून उतरणार," हिरकणीबाई म्हणाल्या. "दार उघडून. आणि उतरल्यावर दार जोरात लावणार."

"कुणाच्या गाडीतून?"

"आपल्या."

आपल्याकडे गाडी नाही, ही बाब जतीनने नम्रपणे निदर्शनास आणली. आईला ती बाब माहीत होती.

गावात विकाऊ म्हणता येईल अशी एकच गाडी होती. रामनाथकाकांच्या चिकूच्या वाडीत, कुंपणालगत, चार बाजूंना विटांचे थर लावून त्यावर ती ठेवलेली होती. मागची अक्षरं गळून पडली होती, त्यामुळे कंपनीची बदनामी टळली होती. गाडी वाया मात्र गेली नव्हती. काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीत चिकू तीन दिवसांत पिकतो, हा शोध काकांच्या घरात लागला होता आणि गाडीच्या मूळ उपयोगापेक्षा तो त्यांना जास्त पटला होता. दुपारी वाडीचा राखणदार पांड्या पुढच्या सीटवर झोपत असे. मागे चिकू, पुढे पांड्या, दोघेही निवांत.

"ने की," काका म्हणाले. "पण चिकूचा हा तोडा निघेपर्यंत मागची सीट माझी."

जतीनचं डहाणू रोडला स्टेशनाबाहेर झेरॉक्सचं दुकान होतं. यंत्रांशी त्याचा संबंध झाकण उघडणे आणि अडकलेला कागद ओढून काढणे एवढाच होता. तिथल्या गॅरेजवाल्याला त्याने गाडीचे फोटो दाखवले. गॅरेजवाल्याने ते शांतपणे पाहिले, फोन परत दिला आणि विचारलं, "ही गाडी आहे की पुरावा?"

शेवटी पाड्यावरचा रघ्या तयार झाला. रघ्या पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि बोलणं जपून वापरायचा. "मी हात लावणार नाय," त्याने आधीच सांगितलं. "हात लावला की बिघाड माझा होतो. मी बघेन."

आणि तो खरोखर बघत बसला. चिकूचं खोकं उलटं करून त्यावर बसला, बिडी पेटवली आणि जतीन शिकू लागला.

बॉनेट उघडलं. जतीनने झेरॉक्स मशिनच्या सवयीने, आत जे अडकलं असेल ते ओढलं. एअर फिल्टरच्या डब्यातून उंदराचं घरटं निघालं. ते कशाचं केलंय म्हणून पाहिलं, तर गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकाचं. सर्व्हिसिंग कधी कधी करावं त्याचं वेळापत्रक गाडीतच होतं. फक्त ते अंथरलेलं होतं. एका तुकड्यावर 'दर सहा महिन्यांनी' एवढं वाचता येत होतं. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशचा वास येत होता. प्लग काढले, घासले, पुन्हा लावले. मग जतीन गाडीखाली शिरला, मोबाइलवरच्या व्हिडिओत दाखवला होता तसाच एक नट शोधला, तो सोडला, काळं तेल बादलीत घेतलं, नट आवळला आणि वरून नवंकोरं इंजिन ऑइल ओतलं.

रघ्याने बिडी विझवली. "झालं?"

"झालं."

"आता इंजिनात दुप्पट तेल हाय. आणि गेरबॉक्सात कायच नाय."

जतीनने बादलीतल्या तेलात बोट बुडवून पाहिलं. "मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही शिकत होतात ना, जतीनशेठ."

दोन दिवस हँडब्रेकमध्ये गेले. सात वर्षांपूर्वी कुणीतरी जबाबदार माणसाने तो खेचून ठेवला होता आणि मागच्या चाकांनी ते मनावर घेतलं होतं. हातोडा, रॉकेल, आणखी हातोडा. उरलेल्या रॉकेलने जतीनने बाहेरून गाडी पुसली. डिकीवर गेरूने काहीतरी आकडे रंगवलेले होते. पोलिओच्या मोहिमेवाल्यांनी दारावर खूण करतात तशी केली असेल, असं समजून त्याने ते अर्धे पुसून काढले. उधार आणलेली बॅटरी जोडली. विटा काढल्या. आणि गुरुवारी सकाळी गाडीने खोकला काढला, वाडीभर काळा धूर सोडला, मागच्या सीटवरचे चिकू खाली घरंगळले आणि ती सतरा फूट गेली. जे घडलेलं नाही, ते असं.

जतीन उतरला. गाडी आधी जिथे उभी होती तिथे, बरोबर डिकीच्या मागे, इतके दिवस त्याला चिकूची कोठी वाटलेला एक संडास उभा होता. हिरवं दार. दारावर गेरूने लिहिलं होतं: २१४/ब.

"इथे संडास कुणाचा?"

"गाडीचा," रघ्या म्हणाला.

जन्माचा दाखला काढायला गेलं तर तीन तीन आठवडे न सापडणारे ग्रामसेवक भाऊसाहेब बाराव्या मिनिटाला वाडीत हजर झाले. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग मोकळ्या जागेकडे, मग जतीनकडे.

"घर कुणी हलवलं?"

मग खुलासा झाला. दोन वर्षांपूर्वी घरोघर पाहणी झाली तेव्हा पाहणी करणारे गृहस्थ भर दुपारी आले होते आणि त्यांना पुढच्या गावी जायची घाई होती. त्यांनी फॉर्म भरला. पाया: विटांचा. भिंती: पत्र्याच्या. छप्पर: पत्र्याचे, न गळणारे. दारे चार. खिडक्या सहा, सर्व काचेच्या. पाड्यावरच्या एकाही घराला इतके गुण मिळाले नव्हते.

"मी झोपलो होतो," पांड्याने सांगितलं. "विचारलं, नाव काय. सांगितलं. विचारलं, इथंच राहतोस का. म्हटलं, दुपारचा."

त्यांनी 'होय' लिहिलं; फॉर्मवर 'दुपारचा' लिहायला जागा नव्हती. घराला नंबर मिळाला. घर म्हटल्यावर संडास आला. संडासाचा पांड्यासकट आणि घरासकट फोटो निघाला, अक्षांश-रेखांशासह वर गेला. तेव्हापासून संडासात रामनाथकाकांची चिकूची खोकी नीट रचून ठेवलेली होती आणि किल्ली काकांकडे होती.

"पण पांड्या, तुझं घर पाड्यावर आहे ना?" जतीनने विचारलं.

"हाय ना. पण एका माणसाला दोन संडास नाय देत. म्हणून तिथं नाय."

"मग तू जातोस कुठे?"

पांड्याने भाऊसाहेबांकडे पाहिलं.

"हा प्रश्न विचारता येत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "गाव जवळजवळ मुक्त आहे."

"मग नोंदच रद्द करा. ही गाडी आहे, भाऊसाहेब."

"जतीनराव, घरं तीनशे बारा, संडास तीनशे बारा. एक घर कमी झालं की टक्केवारी शंभराच्या वर जाते. संगणक शंभराच्या वर घेत नाही. एका गावाची एकशे एक झाली होती, तर त्याने शून्य दाखवलं."

"संडास पाडा मग."

"त्याचा फोटो आहे."

"फोटो माझ्या गाडीचापण आहे."

"म्हणूनच," भाऊसाहेब समजुतीने म्हणाले. "फोटोत घर आहे. जागेवर नाही. उद्या पडताळणी समिती येतेय. फोटोला तर नोटीस काढता येत नाही. ती तुम्हाला काढावी लागेल."

आठ जणांनी गाडी मागे ढकलली. विटा पुन्हा लागल्या, या वेळी चुन्याची रेघ मारून. जतीनने पुसलेले आकडे स्वतःच्या हाताने गेरूने परत काढले. अक्षर छान आलं, झेरॉक्ससारखं.

शुक्रवारी समिती आली: एक अध्यक्ष मॅडम, दोन सदस्य. पांड्या धुतलेला शर्ट घालून स्टिअरिंगमागे बसला होता. संडासातली खोकी काढून पाण्याने भरलेली बादली ठेवली होती.

"कुटुंबप्रमुख आपण?" मॅडमनी काचेतून विचारलं.

"हो जी."

"घरात माणसं किती?"

"पाच बसतात, मॅडम. दाटीवाटीनं सात."

मॅडमनी लिहून घेतलं. बॉनेटवर टिचकी मारून पाहिली. "आणि स्वयंपाकघर?"

"हेच," भाऊसाहेब म्हणाले. "धूर मागून जातो."

मॅडमना समाधान वाटलं. धूर बाहेर जाणं ही दुसऱ्या एका योजनेची अट होती, तीही इथे आपोआप पूर्ण झालेली होती. समिती निघाली, समितीची जीप मात्र निघेना. चावी फिरवली की नुसता चिमणीसारखा आवाज. पाच वाजता डहाणू रोडला कुठल्याशा वरिष्ठांपुढे अहवाल ठेवायचा होता. रिक्षा मिळेना. सरपंचांची गाडी वलसाडला गेली होती. मॅडमची नजर गावभर फिरून घर क्रमांक २१४/ब वर येऊन थांबली.

"हे चालू आहे का?"

भाऊसाहेब चुन्याची रेघ न्याहाळू लागले. मग खोक्यावरून रघ्याचा आवाज आला. "चालू हाय. सर्व्हिसिंग झालंय."

विटा निघाल्या. समिती मागे बसली, मांडीवर चिकू घेऊन. कुटुंबप्रमुख पुढे, कारण त्यांना त्यांच्या घरातून उतरवणं बरं दिसलं नसतं. गिअर दोनच लागत होते, त्यामुळे जतीन सारा रस्ता दुसऱ्यातच गेला. वाटेत वेळ वाया जाऊ नये म्हणून मॅडमनी गुडघ्यावर कागद ठेवून अहवाल लिहिला: 'घर क्र. २१४/ब समक्ष पाहिले. पक्के असून वापरात आहे. सदर घर जागेवरच असून ते हलविल्याची चर्चा निराधार आहे.' 'जागेवरच' लिहिताना खड्डा आला.

"जरा हळू," मॅडम म्हणाल्या. "सही हलतेय."

जतीन परत आला तो विटांवर गाडी चढवण्याआधीच भाऊसाहेबांना गाठून म्हणाला, "परवा मी आईला घेऊन तलासरीला जातोय."

"घर घेऊन?"

"गाडी घेऊन."

"सात दिवसांत कधीही फेरतपासणी होऊ शकते, जतीनराव. घर दिसलं नाही तर अख्खं गाव पुन्हा नापास. सरपंचांनी सत्काराचा मांडव सांगितलाय."

"आणि आज समितीला डहाणू रोडपर्यंत कुणी नेलं?"

मॅडमनी पांड्याच्या हाती पाठवलेली अहवालाची झेरॉक्स भाऊसाहेबांनी पुढे केली. जतीनच्याच दुकानात काढलेली. "कुणीच नाही. घर जागेवर होतं. सही आहे बघा."

जतीनने पांड्याकडे पाहिलं. पांड्या म्हणाला, "तुम्ही न्या ना, शेठ. मला काय. मात्र रेशनकार्डावर आता हाच पत्ता चढलाय. घर गेलं की तांदूळपण तलासरीला जायचा."

शनिवारी रात्रभर गाडीभोवती गावाने पाळी लावली. चोराची भीती नव्हती, मालकाची होती.

रविवारी सकाळी हिरकणीबाई नवी साडी नेसून, गजरा माळून, आहेराची पिशवी घेऊन वाडीत आल्या. त्यांनी गाडीचं दार उघडलं, मागच्या सीटवर डावीकडे बसल्या आणि दार जोरात लावलं. दार लावण्याची तयारी त्या अकरा वर्षं करत होत्या. आवाज फार चांगला झाला. पुढे पांड्या बसला, धुतलेला शर्ट घालून. जतीनने इंजिन चालू केलं. पाळीवरची माणसं उठून उभी राहिली. गाडी जागच्या जागी थरथरू लागली.

मामाचा फोन आला. "निघालीस का गं? स्टँडवर फटफटी पाठवू?"

"नको," हिरकणीबाई म्हणाल्या. "मी गाडीत बसलेय."

"अस्सं? कुणाची गाडी?"

"आपली."

"आपली?" मामाने पुन्हा विचारून घेतलं. त्या पुन्हा विचारण्यावर हिरकणीबाईंचा चेहरा उजळला. मग मामाने विचारलं, "कुठवर आलीस?"

त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. हिरवं दार जागेवर होतं.

"घरातच आहे अजून," त्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि जतीनला कागद काढायला सांगितला. तो कागद पुढीलप्रमाणे:

प्रति,
मा. सरपंच व मा. ग्रामसेवक

विषय: घरास एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत.

महोदय,

घर क्र. २१४/ब हे गेली सात वर्षे एकही रजा न घेता जागेवर उभे आहे. सदर घरास आज हळदीनिमित्त तलासरी येथे जाऊन येणे आवश्यक आहे. घर सायंकाळी सहापूर्वी परत येईल. शौचालय येथेच ठेवून जात आहोत, सबब गावाच्या टक्केवारीस बाधा पोहोचणार नाही. कुटुंबप्रमुखांची हरकत नाही. ते जेवायला सोबत येत आहेत.

हे घर हललेले आपण कधीही पाहिले नाही, असा दोन प्रतिष्ठित व्यक्तींचा दाखला अर्जासोबत लागतो. गावात ते हलताना न पाहिलेला माणूस शिल्लक नाही. म्हणून हा कागद ज्यांनी इथवर वाचत आणला, त्यांच्याकडेच पाठवीत आहोत. त्यांनी खाली सही करावी. मजकुराकडे लक्ष देण्याचे कारण नाही. एरवी जशी करता तशीच करावी. वाचून केलेली सही ग्राह्य धरली जात नाही, असे कार्यालयाने कळविले आहे.

तरी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. इंजिन चालू आहे.

आपली विश्वासू,
हिरकणी
घर क्र. २१४/ब, मागची सीट, डावी बाजू