मागच्या सीटवरचे पागनीस

दिगंबरराव पागनीसांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सियागंजात एका अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर बसले होते. मागच्या सीटवर. तेही दोन्ही पाय एका बाजूला सोडून, बायका बसतात तसे. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, मांडीवर भाजीची पिशवी आणि डोळे मिटलेले. गाडी स्टँडवर उभी होती. गाडीचा धिप्पाड मालक पान चघळत बाजूला उभा होता.

"चालू कर दो भिया," दिगंबरराव डोळे न उघडता म्हणाले. "जाना कहीं नहीं है."

मालकाने गाडी चालू केली. दिगंबररावांनी दोन-तीनदा नाकाने जोरात हवा ओढली, मान हलवली, खाली उतरले, मालकाला नमस्कार केला, खिशातल्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि निघून गेले.

"ये कौन थे?" मालकाने मला विचारलं.

मला इंदुरात येऊन आठच दिवस झाले होते. मी कोण, हेच मला नीट उमगत नव्हतं. नवा मध्यप्रदेश झाला तेव्हा माझं नागपूर एका राज्यात गेलं आणि माझी नोकरी दुसऱ्या. मी नोकरीच्या मागोमाग आधी भोपाळला गेलो, आणि चार वर्षांनी तिने मला इंदुरात आणून सोडलं. इथे लोक मराठीत सुरुवात करून हिंदीत वाक्य संपवायचे, आणि मधला भाग माळवीत असायचा. हो म्हणावं की नाही, हे कळेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असे.

त्याच संध्याकाळी रामबागेतल्या माझ्या खोलीच्या शेजारचं दार उघडलं आणि तेच गृहस्थ बाहेर आले.

"तुम्ही घाटेजी ना? शाळा तपासनीस? मग तुम्हाला मोटारसायकल लागणार," ते म्हणाले. "या, बसा. काकू चहा ठेवते आहे."

माझ्या कामाला गाडी लागणार होती हे खरंच होतं. सिमरोल, महू, मानपूर असा माझा इलाका. अर्धा डांबरी, अर्धा बैलगाडीच्या चाकोरीचा. तेव्हा मी एक साधा प्रश्न विचारला. दिगंबरराव, कोणती गाडी घ्यावी? त्या प्रश्नाचं उत्तर सात महिने चाललं.

दिगंबरराव बांधकाम खात्यात नक्शे काढायचे. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोड्यांच्या पागेवर होते. दिगंबरराव सायकलवर होते. जिल्ह्यातला प्रत्येक नाला त्यांच्या हातून निळ्या शाईत वाहिला होता, पण त्यांचा स्वतःचा पाय त्यातल्या एकातही भिजलेला नव्हता. त्यांनी मेणकापडावर तीन मोटारसायकली शेजारीशेजारी काढून ठेवल्या होत्या, चाकाखालच्या मोकळ्या जागेसकट. ती गुंडाळी रोज संध्याकाळी माझ्या खाटेवर उलगडली जाई.

पहिली मद्रासला तयार होणारी, साडेतीनशेची. दुसरी मैसूरची, अडीचशेची. तिसरी फौजेने लढाईनंतर काढून टाकलेली विलायती, जी महूला अजून कुणाकुणाकडे होती. दिगंबरराव गाड्यांची नावं घेत नसत. मद्रासवाली, मैसूरवाली, फौजी, अशी सांगून आलेल्या मुलींसारखी चौकशी चाले.

"अब ऐसा है घाटेजी, मद्रासवाली लांब पल्ल्याची. शंभर मैल चालवा, माणूस थकत नाही. रोड पकडून चालते."

"मग तीच घेतो."

"पण आता असं बघा. वजनाला भारी. नाल्यात फसली तर चार माणसं लागतील. मैसूरवाली हलकी. जंगलात, पगडंडीवर, कुठेही घाला."

"मग मैसूरवाली."

"घ्या ना. पण तिच्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. वास येतो. मागच्याला येतो."

"मागे कोणी बसणारच नाहीये, काका. मी एकटा माणूस."

यावर ते माझ्याकडे असं पाहत, जणू मीच त्यांना काहीतरी न समजणारं बोललो. मग गुंडाळी करून घरी जात. मी खाटेवर बसून आज कोणती गाडी ठरली होती ते आठवत राही. शेवटी शेवटी मला स्वप्नात मैसूरवालीला मद्रासवालीचं चाक दिसू लागलं.

काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नी मालतीकाकूंना, यातलं काही कळत नव्हतं. "तीन वर्षं झाली हे खूळ लागून," त्या मला म्हणाल्या. "सायकलची साखळी पडली तर लावता येत नाही यांना. तुम्हीच विचारून बघा, काय करायचं आहे म्हणून."

मी विचारलं. दिगंबरराव म्हणाले, "माहिती असलेली बरी."

एकदा महूच्या एका निवृत्त सुभेदारांनी आपली फौजी गाडी आम्हाला दिवसभरासाठी दिली. मी चालवत होतो, दिगंबरराव मागे, अर्थात एका बाजूला पाय सोडून. सिमरोलच्या बाजारातून आम्ही जात होतो तेव्हा लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. दिगंबररावांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा टोपीवर.

"घाटेजी, मागे बसलेल्याला रस्ता दिसतो का?"

"मला काय माहीत? मागे तुम्ही बसला आहात."

"हां. दिसतो. डावीकडचा दिसतो. चांगलं आहे."

सिमरोलच्या पुढे कच्च्या उतारावर एक नाला होता. पाणी गुडघ्याएवढंही नव्हतं, पण तळाचे दगड गोल होते. फौजी गाडी मधोमध डगमगली आणि आम्ही दोघं आडवे झालो. मी धडपडत उठून पाहिलं तर दिगंबरराव पाण्यात मांडी घालून बसले होते. टोपी जागेवर होती.

"लागलं का काका?"

"मागचा माणूस कोणत्या बाजूला पडला?"

"डावीकडे."

"पाय सोडले होते त्याच बाजूला ना?" त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे पडायच्या आधी उतरता आलं असतं. मी उतरलो नाही ही माझी गलती. गाडीची नाही."

ओल्या कोटाने ते इंदूरपर्यंत परत आले, आणि वाटेत तीनदा मला विचारलं की पाठीला हादरे फार बसले असं वाटतं का. पाठ त्यांची होती.

पुढच्या महिन्यात महूच्या एका लष्करी डॉक्टरांची बदली झाली. त्यांच्याकडे मद्रासवाली होती, दोन वर्षं वापरलेली. मी दिगंबररावांना न विचारता ती घेतली. विचारलं असतं तर मी आजही पायीच शाळा तपासत असतो.

गाडी दारात आणून उभी केली. दिगंबरराव बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवर तळहात दाबून पाहिला, "चांगली आहे," म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर आठ दिवस ते आले नाहीत. गुंडाळी नाही, चहा नाही. एका माणसाच्या सात महिन्यांच्या कष्टांवर मी पाणी ओतलं, असं मला वाटत राहिलं. माफी मागावी, तर नेमकी कशाची ते कळत नव्हतं.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, ते आले. डोक्यावर टोपी नव्हती. त्यांचे केस इतके पांढरे असतील असं मला वाटलं नव्हतं. ते खाटेच्या कडेवर बसले.

"घाटेजी, एक दिवस गाडी द्याल का? तुमच्यासकट."

"कुठे जायचं आहे?"

"पाटीला. बडवानीच्या पुढे, जंगलात."

मग त्यांनी सांगितलं. कुसुम, त्यांची एकुलती मुलगी, तीन वर्षांपूर्वी तिथे दिली होती. जावई जंगल खात्यात. तिकडे रेल्वे नाही, बसच आहे. आणि काकू बसमध्ये बसू शकत नव्हत्या. अकरा वर्षांपूर्वी धारला त्यांची आई आजारी असल्याचा निरोप आला, तेव्हा दोघं बसने निघाले होते. वाटेत काकूंना उलट्या सुरू झाल्या, मग शुद्ध गेली. लोकांनी त्यांना उतरवून झाडाखाली निजवलं. बस निघून गेली. दुसऱ्या दिवशी बैलगाडीने धारला पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून बसचा नुसता धूर आला तरी काकूंचा चेहरा पांढरा पडायचा.

"कुसुमला मुलगा झाला. दोन महिन्यांचा आहे. पावसात रस्ता बंद, तिला इकडे आणता आलं नाही. ही काही मागत नाही हो. पण पत्र आलं की आधी पाकीट हुंगते."

मी विचारलं, "मग काकूंना हे सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर ती आशा लावून बसली असती. आणि नाही झेपलं म्हणजे? तीच गत दुसऱ्यांदा? आधी पक्कं करून घ्यावं म्हटलं." ते आपल्या हातांकडे बघत होते. "पक्कंच होईना. जंगलासाठी हलकी पाहिजे, आणि तिच्या नाकासाठी भारी."

"आणि चालवणार कोण होतं?"

"मी शिकणार होतो. गुडघ्यात जोर राहिला नाही, किक लागत नाही. मग तुम्ही शेजारी राहायला आलात."

काकूंना त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात ताटातच थांबला. नवऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "म्हणजे लोकांच्या गाड्यांवर बसत होता ते हे होय?" आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कसे येणार? जागा तर दोनच आहेत."

"मी बसने येतो. मला काय होतंय बसमध्ये."

पुढच्या रविवारी पहाटे आम्ही निघालो. काकूंनी डोक्यावरून पदर घेऊन तो कमरेला घट्ट खोचला होता, आणि नातवासाठी शिवलेलं दुपटं पोटाशी बांधलं होतं. त्याच सुमारास दिगंबररावांची बस सुटली. पहिले पाच मैल काकूंची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. महूच्या पुढे ती सैल झाली. मानपूरच्या घाटात गार वारा लागला तेव्हा मागून आवाज आला, "घाटेजी, ती पिवळी फुलं कसली हो?"

मला फुलांतलं काही कळत नाही, पण मला फार बरं वाटलं.

मानपूरला बस आमच्या आधी येऊन थांबलेली होती. दिगंबरराव बसपासून लांब, एका भिंतीकडे तोंड करून उभे होते. आम्हाला बघताच तोंडाला लावलेला रुमाल त्यांनी खिशात कोंबला.

"धूळ फार आहे," ते म्हणाले. "कशी आहे सीट?"

"चांगली आहे," काकू म्हणाल्या.

खलघाटला नर्मदेच्या काठी पुन्हा तेच. ते लांब उभे, रुमाल, धूळ. "पाठीला हादरे?" "नाहीत." "वास?" "नाही हो." त्यांनी कागद काढला नाही, लिहिलं नाही. नुसती मान हलवली आणि बसमध्ये जाऊन बसले. पुढे ठीकरीला आम्ही अर्धा तास वाट पाहिली, तर कळलं की त्यांच्या बसचं चाक मागे कुठेतरी बसलं आहे. काकू म्हणाल्या, "आपण चला. ते येतील." आम्ही पुढे निघालो.

बडवानीनंतर डांबर संपलं आणि जंगलाचा रस्ता सुरू झाला. तीन नाले लागले. पहिल्या नाल्याशी मी थांबलो. खाली गोल दगड, आणि बुडाखाली ती भारी गाडी. मला तीन गाड्यांची सगळी मापं एकदम आठवली आणि त्यातलं एकही उपयोगी पडेना. काकू शांतपणे उतरल्या, वहाणा हातात घेतल्या, लुगडं वर खोचलं आणि पाण्यातून चालत पलीकडे गेल्या. तिथून म्हणाल्या, "आता तुम्ही या." तिन्ही नाले असेच पार झाले.

दुपारी पाटीला पोहोचलो. कुसुम अंगणात कपडे वाळत घालत होती. आईला मोटारसायकलवरून उतरताना पाहून ती जागेवरच उभी राहिली, हातातलं ओलं धोतर तसंच. पुढचं मी बघितलं नाही. मी गाडीची साखळी तपासत बसलो. तिला काही झालेलं नव्हतं.

संध्याकाळी मी दिगंबररावांना आणायला बस थांबते तिथे गेलो. बस येऊन गेली होती. ते पाणपोईच्या पायरीवर बसले होते. चेहरा राखेसारखा, कोटाची बटणं उघडी. त्यांनी चूळ भरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाच वेळा," ते हळूच म्हणाले. "घाटेजी, हिला सांगू नका. आयुष्यभर हिला सांगत आलो, बसमध्ये काही होत नसतं, मन घट्ट पाहिजे. तेव्हा धारच्या वाटेवर मीच गळपटलो असतो तर हिला कोणी उतरवलं असतं?"

मी त्यांना मागे बसवून घरी आणलं.

काकू ओसरीवर बसल्या होत्या, बाळ मांडीवर. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग शेजारी झाकून ठेवलेला पेला उचलून त्यांच्या हातात दिला. लिंबू, मीठ आणि पाणी होतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "बसमधून उतरल्यावर लागतं तुम्हाला."

दिगंबररावांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून मी काही बोललो नाही असं सांगितलं. ते पेला हातात धरून तसेच उभे राहिले, आणि मग एका दमात पाणी प्यायले. काकूंनी पेला परत घेतला, त्यांच्या कोटाची बटणं लावली, आणि थोडं सरकून आपल्या बाजूला जागा केली.

"इथे बसा. हात पुढे करा," त्या म्हणाल्या. "मान सांभाळा त्याची. अजून धरत नाही तो नीट."